तुळशीच्या चुऱ्यात तुळसच उगवेना: गच्चीवरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या थोडी पुढे. यापेक्षा जास्त ओळख मुद्दाम देत नाही, कारण या प्रकरणात ज्यांच्या ज्यांच्या चुका आहेत (त्यात एक मोठी माझी आहे) ते सगळे रोज लिफ्टमध्ये भेटतात.

महिला मंडळाचं हळदीकुंकू संक्रांत ते रथसप्तमी यामधल्या एखाद्या रविवारी असतं. वाण म्हणून आजवर चाळणी, गाळणी, प्लास्टिकचे डबे, झिपवाली पर्स असं सगळं वाटून झालंय आणि प्रत्येकीच्या माळ्यावर तेच साठून राहिलंय. म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष काकू म्हणाल्या की या वेळी तुळशीचं रोप देऊया, आणि विकतचं नको, आपणच गच्चीवर तयार करूया. २ फेब्रुवारी २०२५ चा रविवार ठरला, १४० बायका धरल्या, फंडातून ३,००० रुपये मंजूर.

त्याच आठवड्यात, १२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. काकू जवळच्या एका विठ्ठल मंदिरात सेवेला जातात, तिथे एकादशीला तुळशीच्या माळांचा कमरेएवढा ढीग होतो. तो टाकवत नाही आणि तलावात सोडायचा नाही हे आता ठाण्यात लहान पोरांनाही माहीत आहे. काकू तीन पोती माळा घेऊन आल्या. माळीदादांनी गच्चीवर दहा दिवस वाळवल्या, दोरे काढले आणि हाताने चुरा केला. विठ्ठलाच्या गळ्यातली तुळस खत होऊन परत तुळशीच्याच रोपाला, ही कल्पना इतकी गोड होती की मीटिंगमध्ये कोणीही "पण" म्हटलं नाही. मी एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, रोज महापेला जाऊन दिवसभर सॅम्पल आणि ब्लँक, सॅम्पल आणि ब्लँक हेच करते (ब्लँक म्हणजे तुलनेसाठी सॅम्पल न घालता लावलेली तीच टेस्ट), आणि मीही मान डोलावली.

२४ नोव्हेंबरला पेरणी. चहाचे कागदी कप १६०, तळाला भोक. मिश्रण तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग तुळशीचा चुरा. बी आमच्याच वृंदावनातल्या वाळलेल्या मंजिऱ्यांचं, तळहातावर चुरगाळून फुंकर मारून काढलेलं. प्रत्येक कपात चार-पाच दाणे, अगदी वरवर, आणि त्यावर पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून परत चिमूटभर चुरा.

प्रॉब्लेम

तुळशीचं बी ऊब असली तर आठ-दहा दिवसांत दिसायला लागतं, थंडीत दोन आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला मोजलं तर १६० पैकी फक्त २७ कपांत काहीतरी हिरवं होतं. आणि जे होतं तेही बघवत नव्हतं. एक रोप चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं, वरची दोन पानं ठीकठाक, पण खाली मूळ जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं आणि त्याचं टोक चहात बुडवल्यासारखं तपकिरी. निरोगी रोपाच्या मुळाला जी बारीक पांढरी लव असते ती नावाला नव्हती.

प्रत्येकाचं निदान तयार होतंच. काकूंच्या मते थंडी. माळीदादांच्या मते पाणी जास्त झालं, कारण सकाळी ते घालायचे आणि संध्याकाळी बी विंगमधल्या ताई प्रेमाने परत घालायच्या. कोणी म्हणालं बीच पोचट असणार. मला बुरशी वाटली, रोपं मानेतून कुजून आडवी पडतात तशी, पण इथे माना शाबूत होत्या, बिघाड खाली मुळाशी होता.

यातलं बीचं कारण त्याच दिवशी निकालात निघालं आणि तेही नशिबाने. पेरणीच्या दिवशी कागदावर उरलेलं बी माळीदादांनी कोपऱ्यातल्या जास्वंदीच्या कुंडीत झटकून टाकलं होतं. तिथे तुळस केसांसारखी दाट उगवली होती. तेच बी, तीच गच्ची, तीच थंडी आणि त्या ताईंचं तेच प्रेमाचं पाणी. फरक एवढाच की जास्वंदीच्या कुंडीत तुळशीचा चुरा नव्हता.

म्हणजे साध्या मातीचा जो एक ट्रे मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला हवा होता तो माळीदादांनी हात झटकता झटकता ठेवला. ऑफिसात ब्लँक न लावता रिझल्ट दिला तर मला कोणी उभं करणार नाही, आणि घरी मी १६० कप एकाच मिश्रणाचे भरून मोकळी झाले होते.

डी विंगमध्ये एक निवृत्त सर राहतात, कॉलेजात बॉटनी शिकवायचे. त्यांना कप दाखवला. त्यांनी पानाकडे बघितलंच नाही, आधी वास घेतला आणि म्हणाले, "हे मिश्रण आहे की काढा?"

मग खाली बाकावर अर्धा तास वर्गच झाला. काही झाडं स्वतःच्या रसायनांनी शेजारच्या झाडाची वाढ रोखतात, अक्रोडाखाली बऱ्याच गोष्टी नीट वाढत नाहीत ते उदाहरण पुस्तकात असतं. याला अ‍ॅलेलोपथी म्हणतात, १९३७ साली हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो शब्द रुळवला. त्यातलाच एक प्रकार म्हणजे झाड स्वतःच्याच जातीच्या रोपांना आडवं येतं, ती ऑटोटॉक्सिसिटी. आपल्याकडे गुरांसाठी लावतात तो लसूणघास जुना झाला की मोडून लगेच तिथेच परत पेरला तर धड येत नाही. शतावरीची परदेशी बहीण, भाजीचं अ‍ॅस्परॅगस, तिच्या जुन्या वाफ्यातही हाच त्रास. जिनसेंग या औषधी मुळीची शेती करणारे तर एकदा पीक काढलं की त्या जमिनीत पुढे कित्येक वर्षं जिनसेंग लावत नाहीत, तिथे मातीतल्या बुरशा आणि मुळांतून झिरपलेली सॅपोनिन्स नावाची फेसाळ रसायनं असे दोघेही गुन्हेगार आहेत. औषधी वनस्पतींत हे जास्त दिसलं तर नवल नाही, कारण ज्या रसायनांसाठी आपण त्यांना औषधी म्हणतो ती झाडाने आपल्या खोकल्यासाठी बनवलेली नसतात, कीड, बुरशी आणि शेजारी यांना दूर ठेवायला बनवलेली असतात. तुळशीत युजेनॉल आहे, लवंगेत असतं तेच, आणि लवंगतेल काही सेंद्रिय तणनाशकांत चक्क वापरतात. शिवाय रोझमॅरिनिक अ‍ॅसिडसारखी फिनॉलिक आम्लं, ती पाण्यात सहज उतरतात.

माळीदादा ऐकत होते, त्यांना काही पटलं नाही. "सर, तुळशीखाली तर रोपं आपोआप येतात की. मग तुळस तुळशीला कशी मारेल?"

खरं सांगायचं तर प्रश्न एकदम बरोबर होता. आम्ही वृंदावनापाशी जाऊन बघितलं. रोपं होती, बारा-तेरा, पण कुंडीत खोडाजवळ एकच, बाकीची खाली फरशीच्या फटीत आणि शेजारच्या कोरफडीच्या कुंडीत. सर हसले आणि म्हणाले हा पुरावा नाही हं, फटीत ओल टिकते आणि कुंडीत सावली असते म्हणूनही असं होईल. पण मुख्य उत्तर मात्रेत आहे. झाडाखाली दिवसाला चार पानं पडणार, पावसाने धुतली जाणार, मातीतले जंतू ती रसायनं खाऊन टाकणार. आम्ही मात्र कपात पाचवा हिस्सा न कुजलेली तुळस कोंबली होती आणि वरून दिवसाला दोनदा पाणी घालून तिचा अर्क काढत होतो.

पर्याय काय होते

हातात आठ आठवडे, तेही पूर्ण नाहीत.

सरळ पर्याय विकत आणण्याचा. रोडवरच्या नर्सऱ्यांत साधारण २५ रुपयांना एक, १४० चे ३,५००, आणि फंडातले निम्मे पैसे कप-कोकोपीटमध्ये गेलेले. शिवाय "आम्ही वाढवलेली" ही सगळी मजाच जाणार.

दुसरा, साध्या कोकोपीटमध्ये परत पेरणी. सर्वात स्वच्छ उपाय पण थंडीत सात आठवड्यांत रोप वाण द्यायच्या लायकीचं होईल का याची खात्री नाही. तिसरा काकूंचा, आहे तेच मिश्रण भरपूर पाण्याने धुऊन परत वापरायचं. हा मला सुरुवातीला भाबडा वाटला पण सर म्हणाले चुकीचा नाही, पाण्यात उतरणारी गोष्ट पाण्याने जाईल, फक्त गांडूळखतातलं पोषणही जाईल. चौथा, घरोघरच्या कुंड्यांत आपोआप आलेली रोपं मागायची.

आणि एक पर्याय असा होता की कारण-बिरण शोधत बसू नका, फक्त परत पेरा. हा गंभीरपणे विचारात घेतला, कारण खरंच वेळ नव्हता. पण कारण नक्की झालं नाही तर उरलेली दोन पोती पुढच्या कुंड्यांत जाणार हे दिसत होतं. शिवाय टेस्टला लागणार काय, मोकळे डबे आणि टिश्यू पेपर. म्हणून दोन्ही एकदम करायचं ठरलं.

केलं काय

९ डिसेंबरला रात्री १० ग्रॅम चुरा १०० मिली पाण्यात भिजवला, दुसऱ्या दिवशी पंच्यातून गाळला. हा १० टक्के अर्क, त्यातून पाणी वाढवत ५, २ आणि १ टक्का. पार्सलचे झाकणवाले डबे, आत टिश्यू, प्रत्येकात मोजून २५ बिया, सगळे डबे फ्रिजच्या वर कारण घरात तीच उबदार जागा. एक डबा साध्या पाण्याचा. तो या वेळी आधी लावला.

दहाव्या दिवशी साध्या पाण्यात २१ बिया रुजलेल्या. १ टक्क्यात २०, म्हणजे फरक नाहीच. २ टक्क्यांत १७, ५ टक्क्यांत ९, १० टक्क्यांत २. पण आकड्यापेक्षा मुळं बघण्यासारखी होती. साध्या पाण्यातली मुळं टिश्यूत घुसून बसलेली, ओढली तर तुटतील अशी. ५ टक्क्यांतली तीन-चार मिलिमीटरवर थांबलेली, टोक तपकिरी आणि जाड, टिश्यूवर नुसती आडवी पडलेली. कपातलंच चित्र.

मी खूश होऊन सरांकडे गेले आणि तिथे माझा उत्साह व्यवस्थित उतरवला गेला. पहिला प्रश्न, हा अर्क खारट तर नाही? वाळलेल्या पानात क्षार असतात आणि जास्त क्षारांनीही बी रुजत नाही. दुसरा, कोणत्याही पानाचा असा दाट अर्क केला तर हेच होईल, तुळशीलाच दोष का? आणि तिसरा, जो मला सुचायला हवा होता, माळा बाजारातल्या आहेत, शेतात त्यांच्यावर फवारणी झाली नसेल कशावरून?

मग दुसरा राउंड. आमच्या पाण्याच्या फिल्टरसोबत आलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) होता, त्यावर ५ टक्क्यांचा अर्क २,३०० च्या आसपास दाखवत होता. तेवढंच रीडिंग येईल असं मिठाचं पाणी केलं. जास्वंदीच्या वाळलेल्या पानांचा ५ टक्के अर्क केला. आमच्या वृंदावनातल्या, कधीच फवारणी न झालेल्या तुळशीची पानं वाळवून तोही ५ टक्के. आणि माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये घालतात तो अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल आणून माळांच्या अर्कात रात्रभर ठेवला आणि गाळला, कारण तो अशी सेंद्रिय रसायनं शोषून घेतो पण साधं मीठ फारसं धरत नाही.

परत २५-२५ बिया. मिठाच्या पाण्यात १६ रुजल्या, जास्वंदीत १८, घरच्या तुळशीत ११, चारकोलमधून काढलेल्या अर्कात १६. म्हणजे क्षारांचा वाटा थोडा आहे, कोणत्याही पानाचा थोडा आहे, फवारणी हे मुख्य कारण दिसत नाही, आणि उरलेला बराचसा दणका तुळशीच्या स्वतःच्या काहीतरी रसायनांचा असावा जी चारकोलला चिकटतात. नेमकं कोणतं ते घरी कळणार नाही. युजेनॉल पाण्यात फार विरघळत नाही, त्यामुळे माझा संशय फिनॉलिक आम्लांवर जास्त आहे. कंपनीतल्या एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या मशीनवर, एक इंजेक्शन मारायचा मोह झाला, नाही असं नाही, पण घरच्या तुळशीसाठी कंपनीचं मशीन वापरणं बरोबर नव्हतं.

यात एक गडबडही झाली ती सांगते. १० टक्क्यांच्या डब्यात सहाव्या दिवशी पांढरी बुरशी आली होती. त्यामुळे तिथला २ हा आकडा रसायनामुळे की बुरशीमुळे हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ५ टक्क्यांचे डबे स्वच्छ होते. आणि प्रत्येक प्रकाराचा एकच डबा होता, दोन-तीन हवे होते.

सगळ्यात अवघड निर्णय मात्र टेस्टचा नव्हताच. मंडळाच्या ग्रुपवर काय लिहायचं हा होता. मी पहिला मेसेज टाइप केला त्यात "तुळशीतल्या विषारी घटकांमुळे" असं होतं. पाठवायच्या आधी काकूंना दाखवला आणि त्यांचा चेहरा पडला. एकादशीच्या माळा, त्यांनी स्वतः डोक्यावरून आणलेल्या, आणि त्यांना विषारी म्हणायचं. मला आधी वाटलं की भावना बाजूला ठेवून खरं ते लिहावं, पण मग लक्षात आलं की तो शब्द शास्त्रानेही चुकीचाच होता, १ टक्क्याला तर काहीच झालं नव्हतं. शेवटी लिहिलं, "चुरा कच्चा होता आणि जास्त झाला, कोवळ्या मुळांना तेज पडला." 'तेज' हा शब्द काकूंचा. माझ्या चार ओळींपेक्षा बरा.

दरम्यान १० तारखेलाच, पहिल्या टेस्टचा निकाल यायच्या आधी, तीन ट्रे साध्या कोकोपीट-गांडूळखतात पेरून बी विंगच्या जिन्यातल्या उन्हाच्या खिडकीत ठेवले, आणि पाणी फक्त माळीदादा घालतील असा नियम केला. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. जुन्या कपांतलं निम्मं मिश्रण गोणपाटावर ओतून चार वेळा धुतलं, पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं आलं, चौथं जवळपास स्वच्छ. त्यातही पेरलं.

शेवटी काय झालं

साध्या ट्रेंमधून ५८ रोपं देण्यासारखी झाली. धुतलेल्या मिश्रणातही बी बऱ्यापैकी उगवलं पण रोपं फिकट आणि बुटकी राहिली, पोषण धुऊन गेल्याचं सरांचं म्हणणं खरं झालं, त्यातली ११ घेतली. जास्वंदीच्या कुंडीतली दाटी उपटून वेगळी केली ती १९. घरोघरच्या कुंड्यांतून ३० आली, त्यात दोन रोपं वाढल्यावर सब्जाची निघाली. विकत २० आणली, ५०० रुपये. एकूण १३८. शेवटच्या दोघींना पानओव्याची फांदी लावलेले कप दिले आणि त्यांनीच आधी विचारलं की हे कुठे मिळालं, भज्यांना चांगलं.

१६० कपांच्या पहिल्या पेरणीतून वाणापर्यंत एकही रोप पोचलं नाही. ती २७ पण जानेवारीत गेली.

उरलेला चुरा माळीदादांनी गच्चीवरच्या खतपेटीत सुका पाला, शेण आणि भाजीच्या सालींबरोबर घातला. मार्चच्या शेवटी ते खत काळं, मातीच्या वासाचं झालं होतं, तुळशीचा वास पार गेलेला. त्याच प्रमाणात, पाचवा हिस्सा, घालून २५ बिया पेरल्या तर १९ आल्या, मुळं पांढरी आणि लवेसकट. म्हणजे काकूंची कल्पना मुळात चुकीची नव्हती, फक्त तीन-चार महिने घाई झाली.

परत करायचं झालं तर

कपांत पेरायच्या आधी पंधरा दिवस एक डबा, एक टिश्यू आणि २५ बिया एवढं केलं असतं तरी सगळं तिथेच कळलं असतं, पण १२ तारखेला माळा आणि २४ ला पेरणी यात ते बसत नव्हतं हेही खरं. तेवढा वेळ नसताना करण्यासारखं एकच होतं, निम्मे कप चुऱ्याशिवाय भरणं. ते तेव्हा सुचलं असतं तर मीटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम होतं. मी बोलले नाही कारण सगळे खूश होते.

वरचा चिमूटभर चुरा तर नकोच होता. बियांना लागून, प्रत्येक पाण्याला सर्वात आधी त्याचाच अर्क उतरणार, आणि तुळशीचं बी इतकं बारीक की त्याला उजेड आणि हवा मोकळी लागते, वर काहीच नको. चुऱ्याच्या थराने नुसता उजेड अडवूनही काही बी अडकलं असेल, ते मी वेगळं तपासलंच नाही. कच्च्या पाल्याने मातीतलं नत्र जंतू ओढून घेतात तेही तपासलं नाही. त्यामुळे कोणी विचारलं की १३३ कप नक्की कशाने गेले तर माझं उत्तर असं आहे की डब्यांतल्या टेस्टने तुळशीचा अर्क मुळं थांबवतो एवढं दिसलं, कपांत त्याच्यासोबत अजून दोन-तीन गोष्टी होत्या.

आणि निदानाआधीच परत पेरणी केली हा निर्णय मी आजही तसाच घेईन. निकाल १९ तारखेला आला, तोवर थांबलो असतो तर नऊ दिवस गेले असते आणि ५८ च्या जागी विकतची ५८ असती.

पुढच्या वर्षीच्या कार्तिकीला काकूंनी माळा आणल्या त्या थेट खतपेटीत गेल्या. पेरणी आदल्या वर्षीच्या काळ्या खतात केली. आणि माळीदादांनी कोणी न सांगता एक ट्रे वेगळा ठेवलाय, त्याच्यावर खडूने लिहिलंय, "साधं. हात लावू नये."